वाईट दिवसांत विश्वास टिकवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?

कसबा_बावडा

सगळ्यांना सलाम. एरवी नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे.

मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला मोल्डिंगवर होते, ते काम आता होणार नाही. मी घरी शिवणकाम करते. मुलगी अकरावीला. चर्चला आम्ही पिढ्यानपिढ्या जाणारे, नवीन नाही.

मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक प्रचारक सभेला आले होते. सासूबाईंनी त्यांना घरी आणलं. प्रार्थना केली, तेल लावलं, इथपर्यंत ठीक. जाताना मिस्टरांना म्हणाले, मशिनवर भरवसा आहे तोवर देव हात घालणार नाही, आणि या घरात कुणाचं तरी लपवलेलं पाप आहे. एवढं बोलून चपला घालून गेले. तेव्हापासून सासूबाईंचं एकच, विश्वास धर, पुढच्या वेळेला जाऊ नको. मिस्टर भिंतीकडं बघत पडून राहतात. मुलीनं मला विचारलं, "मम्मी, माझं असेल का गं ते पाप?"

माझं स्वतःचं सांगायचं तर प्रार्थना रोज करते, पण आत काही हलत नाही. चर्चमध्ये गीत म्हणताना ओठ हलतात तेवढंच. माझा विश्वास गेला का? चर्चच्या दारात, फोनवर, स्टेटसला जो तो सांगतो, विश्वासात खंबीर राहा. खंबीर राहायचं म्हणजे सकाळी उठल्यावर काय करायचं हे कुणी सांगत नाही.

सिस्टर_मिरज

ताई, बाकीचं नंतर. डायलिसिस चुकवायचं नाही. एकदासुद्धा नाही.

किडनी बंद असली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि त्याचा फटका थेट हृदयाच्या ठोक्यांना बसतो, बरेचदा काही कळायच्या आत. अंगात साठलेलं पाणी फुप्फुसात उतरतं, मग माणसाला आडवं होता येत नाही, रात्रभर बसून दम घेतो. सभा झाली, दोन वेळा गेलो नाही, असं सांगणारे पेशंट मी स्ट्रेचरवरून आत घेतलेत. सगळे चालत घरी गेले असं नाही.

सासूबाईंना बायबलमधला यशया ३८ काढून द्या. हिज्किया राजा मरायला टेकलेला असतो, रडून प्रार्थना करतो, देव १५ वर्षं वाढवून देतो. आणि यशया काय म्हणतो? अंजिराची ढेप आणा आणि गळवावर बांधा. खुद्द संदेष्टा पोटीस बांधायला सांगतोय. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. मिशनरी डॉ. वानलेसांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभा केला, तो काय देवावर भरवसा नव्हता म्हणून?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. अजून कागद केले नसतील तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. आणि मुलीला आज रात्रीच जवळ घेऊन सांगा, तिचं काहीएक नाही. हे उद्यावर ढकलू नका.

विजयी_जीवन

सिस्टर, तुमच्या अनुभवाला मान आहे. पण सगळंच मशिनवर सोडलं तर देवाला जागा कुठं ठेवली? याकोब ५ स्वच्छ सांगतो, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावा, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील.

मी उद्यमनगरात लेथवर होतो. दारूत पार बुडालेला. बायको माहेरी, पोरं मला बघून आत पळायची. गोळ्या झाल्या, अंगारे झाले, शपथा झाल्या. एका रात्री प्रार्थनेत सुटली ती सुटलीच. हे खोटं म्हणू का? डायलिसिस बंद करा असं मी म्हणत नाही हां ताई. पण देवाकडं हक्कानं मागायला शिका. रडत बसून काही पदरात पडत नाही.

निवृत्त_पाळक

विजयी भाऊ, तुमची साक्ष मी मनापासून आमेन म्हणून घेतो. पण तुमच्याच वचनातलं एक बघा. याकोबानं *मंडळीच्या वडिलांना* बोलवायला सांगितलंय. म्हणजे ज्यांना त्या घराची रोजची परिस्थिती माहीत आहे, जे उद्याही दारात येणार आहेत, अशांना. रात्रीच्या गाडीनं निघून जाणाऱ्याला नव्हे.

पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही. त्रफिम आजारी पडला तेव्हा त्याला मिलेतात मागं ठेवून पुढं जावं लागलं, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी आहे. खुद्द तीमथ्य सारखा दुखणाईत. आता पौलाचा विश्वास तोकडा होता असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

लपवलेल्या पापाबद्दल, ताई. योहान ९. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, कुणी पाप केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभूचं उत्तर होतं, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. मुलीला हाच अध्याय तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घ्या. संकटात सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही त्या प्रचारकासारखंच केलं. पहिले सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर चांगले होते, तोंड उघडलं आणि हिशेब मांडायला लागले. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. भांडणाऱ्या, ओरडणाऱ्या ईयोबाच्या बाजूनं तो बोलला.

आणि रडण्याचं म्हणाल तर स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्यांची स्तोत्रं काढली तर पुस्तक केवढंसं उरेल बघा. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी स्तुतीकडं वळतात. ८८वं वळत नाही. अंधारात सुरू, अंधारात संपलं. कुणीतरी ते तसंच ठेवलं, खाली "पण तरीही" असं जोडलं नाही, आणि मंदिरात गायला दिलं. माझ्या सेवेत मी ते अंत्यविधीला वाचायचो तेव्हा काही वडील मंडळी नाराज व्हायची. घरचे मात्र नंतर हात धरून थांबायचे.

आता तुमचा खरा प्रश्न, सकाळी उठून काय करायचं. १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडलाय, म्हणतोय पुरे झालं, माझा जीव घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. तो खातो आणि परत झोपतो. दूत परत येतो, परत तेच. डोंगर, वारा, मंद वाणी हे सगळं त्याच्यानंतर. तेव्हा तुम्ही सकाळी उठून आधी खा. उपवास धरला असेल तर सोडा, मी सांगतो म्हणून सोडा.

बिंदू_चौक

ताईंच्या प्रश्नाला बगल द्यायची नाही, पण कठीण काळ म्हटलं की मला वेगळंच आठवतं. आमच्या घरात चार पिढ्या ख्रिस्ती. तरी ऑफिसात नवीन आलेला पोरगा चहाला उभा राहून विचारतो, "काय सर, किती मिळाले होते?" म्हणजे धर्म बदलायचे. हसून. भाड्याचा फ्लॅट ठरला होता, नाव ऐकल्यावर मालकाच्या पुतण्याला अचानक लग्न करून तिथंच राहायचं ठरलं. नाताळला घरावर तारा लावू की नको यावर यंदा पहिल्यांदा आमच्यात चर्चा झाली.

२०११च्या जनगणनेत आपण महाराष्ट्रात एक टक्क्याच्याही आत. एवढ्याशा लोकांची एवढी धास्ती का, हे मला कळत नाही. विश्वास टिकवणं म्हणजे हेही आहे की नाही?

रंकाळा_टॉवर

आहे की. पण यावर एक पोस्ट टाकली की खाली शंभर येतात आणि ताईंचा प्रश्न गाडला जातो. तारा लावा. मी लावतो. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं दिलेलं आहे, कुणाची मेहेरबानी नाही. आणि हे शाहूंचं गाव आहे. जातीजमातींच्या मुलांसाठी महाराजांनी वसतिगृहं उभी करवली त्यात आपल्या ख्रिस्ती मुलांचंही होतं. ऑफिसातल्या पोराला एकदा चहा तुम्हीच पाजा आणि हे सांगा, बघू काय म्हणतो.

संचालक

राजकीय वळण नको. त्यासाठी वेगळा धागा काढा. बिंदू_चौक, तुमची पोस्ट ठेवली आहे.

गंगावेस_कट्टा

मी ख्रिश्चन नाही, चाललं तर लिहितो. आमच्या शेजारी एक आँटी राहायच्या, जुन्या शिक्षिका. २०१९च्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ४३ला धोका पातळी, म्हणजे काय झालं असेल ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आमच्या दोघांच्याही घरात पाणी. उतरल्यावर परत आलो तर सगळीकडं तो चिकट गाळ आणि वास.

आँटींनी हार्मोनियम माळ्यावर टाकली होती ती वाचली. पण त्यांची भजनाची पुस्तकं, ती "उपासना संगीत"ची, खालच्या कपाटात राहिलेली. सगळी फुगून वीट झालेली. आम्ही घमेल्यानं गाळ काढतोय आणि बाई पायरीवर बसून एकेक पान चाकूच्या पात्यानं सोडवतायत, मध्ये टाल्कम पावडर टाकतायत, चिमटे लावून दोरीवर घालतायत. माझ्या आईनं विचारलं, बाई, नवीन मिळत नाहीत का? म्हणाल्या, "मिळतात की. पण यात कुठल्या गीताला कोण रडलं होतं ते लिहिलंय." खरंच, समासात पेन्सिलीनं नावं आणि तारखा होत्या.

फ्रीज, गादी, टीव्ही सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं, त्यावर बाई एक शब्द बोलल्या नाहीत. विश्वास म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण हे बघितलंय म्हणून लिहिलं.

पुण्यातला_पोरगा

मूळ नागाळा पार्क, आता हिंजवडी. गंगावेस भाऊंचं वाचून लिहायचं धाडस झालं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत पप्पा गेले. मंडळीतली सगळी माणसं ऑनलाइन प्रार्थनेला बसली होती, रात्री दोनपर्यंत. मी पण होतो, पूर्ण विश्वासानं. सकाळी हॉस्पिटलचा फोन आला. त्यानंतर मी प्रार्थना केलेली नाही. रागानं नाही, शब्दच येत नाहीत. गावी आलो की मम्मीबरोबर चर्चला जातो, उभं राहायचं तिथं उभा राहतो, बसायचं तिथं बसतो. प्रभूभोजनाची भाकर-द्राक्षरस घ्यायला बाकीचे जातात तेव्हा जागेवरच राहतो, मम्मी काही विचारत नाही. हे ढोंग आहे का? विजयी_जीवन दादा, राग मानू नका, पण तुमच्या हिशेबानं त्या रात्री आमच्यातल्या कुणाचा विश्वास कमी पडला?

विजयी_जीवन

भावा, याला माझ्याकडं उत्तर नाही. माझा सख्खा भाऊ दारूतच गेला. त्याच्यासाठी पण मी तसंच मागितलं होतं, तेच शब्द, तीच खोली. तो विषय मी कधी साक्षीत घेत नाही.

सिस्टर_मिरज

विजयी दादा 🙏 तो पण घेत जा साक्षीत.

निवृत्त_पाळक

पुण्याच्या चिरंजीवांसाठी. मार्क २. पक्षाघाताच्या माणसाला चौघांनी खाटेवर घालून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून छप्पर उकरून खाली सोडलं. आणि येशूनं *त्यांचा* विश्वास पाहिला असं लिहिलंय. त्या चौघांचा. खाटेवरचा माणूस त्या अख्ख्या प्रसंगात एक शब्द बोलत नाही. त्याच्यात विश्वास होता की नव्हता, थकला होता की चिडला होता, सुवार्तिकाला ते नोंदवायची गरज वाटली नाही.

विश्वास ही एकट्यानं छातीठोकपणे बाळगायची वस्तू आहे असं आपण शिकवून ठेवलंय आणि माझ्या मते त्यानंच माणसं मोडतात. मंडळी कशाला असते मग? तुझ्या जागेवर आज तुझी आई गाते. पुढं कधीतरी ती गप्प बसेल तेव्हा तू गाशील. तुझं तिथं जाऊन बसणं ढोंग नाही. खाटेवर पडून राहायलासुद्धा आलंच पाहिजे ना.

कसबा बावड्याच्या ताई, ओठ हलतात एवढंच, असं तुम्ही लिहिलंत. हलू द्या. बाकीचं आम्ही म्हणतो.

जुनी_पानं

पाळकसाहेबांनी मुद्द्याला हात घातला. फक्त एक भर, मग मी गप्प.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण व्यासपीठावर फार सहज घेतो, विजयाची कथा म्हणून. पण क्रमानं मांडून बघा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पाठोपाठ भाऊ. लग्नानंतर दोन वर्षंही झाली नव्हती तोवर, १८८२ला, नवरा पटकीनं गेला. पदरात तान्ही मनोरमा. पुढल्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा, म्हणजे घरची माणसं गेल्यावर विश्वास आला. आणि विश्वास आल्यावर दुःखं थांबली म्हणाल तर तेही नाही. इकडे आपल्याच समाजातली माणसं तुटली, आणि तिकडे ख्रिस्ती गुरुजनांशीही मतभेद, कारण बाई डोळे झाकून काहीच मान्य करत नव्हत्या. १८९६-९७च्या दुष्काळात मुली गोळा करून केडगावला आपल्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या, त्यांना वाढवलं. १९२१ला मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२. मधल्या त्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराची मुद्रितं तपासत होत्या.

मला ते महिने महत्त्वाचे वाटतात. त्या काळात बाईंना आत काय वाटत होतं कुणास ठाऊक. काम समोर होतं, शेजारी मुक्तीतल्या मुली होत्या, त्या पानं लावत होत्या, छापत होत्या.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. नवऱ्यानं १८९५ला बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार उभा चिरला. त्या कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, आल्या त्या स्वतःच्या पायानं आणि स्वतःच्या वेळेनं. कुणी सभेत एका रात्रीत वळवलं नाही.

आपलं कोल्हापूरही एका रात्रीत झालं नाही. १८५२च्या अखेरीस अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब इथं आले तेव्हा त्यांच्यापुढं मंडळी म्हणून एक माणूस नव्हता. आज वाइल्डर मेमोरियल चर्चला नाताळच्या उपासनेला उशीर झाला तर बाहेर उभं राहावं लागतं. पण ते सोडा, लांबण लागली.

कसबा_बावडा

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, काय बोलू.

काय झालं ते सांगते. मुलीकडून योहान ९ वाचून घेतला. तिथल्या तिथं नाही, पण रात्री झोपताना म्हणाली, "म्हणजे ते अंकल चुकीचं बोलले ना?" म्हटलं, हो, चुकीचं बोलले. सासूबाईंना अंजिराचं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा काढून ठेवला आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मिस्टर डायलिसिसला निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या नाहीत. पण डबा भरला होता त्यांनीच.

आमच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांना त्या प्रचारकाचं माहीतच नव्हतं. आता मंडळीतल्या तिघांनी ठरवून घेतलंय, दर वेळेला एकजण मोटरसायकलवरून मिस्टरांना नेतो आणि चार तास तिथं बसतो. एकजण तर नुसता मोबाइलवर कुस्त्या बघत बसतो म्हणे. मिस्टर पहिल्यांदा घरी येऊन हसले.

माझं आतलं तसंच आहे. पाळकसाहेब, उपवास सोडला.

एक अडचण आहे, सिस्टर. येणारे-जाणारे प्रेमानं काहीतरी आणतात. शहाळं, केळी, परवा एकानं घरून पांढरा रस्सा आणला किटलीभर. नाही कसं म्हणायचं?

सिस्टर_मिरज

सरळ नाही म्हणायचं! शहाळं अजिबात नको, पोटॅशियम भरलेलं असतं. केळी नको. टोमॅटो, बटाटा चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून मग भाजी. रस्सा म्हणजे पाणी आणि मीठ, दोन्ही मोजून असतं त्यांना, किती ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तो कागद दारामागं चिकटवा. आणणाऱ्यांना सांगा ज्वारीची भाकरी आणा, कमी मिठाची, नाहीतर रिकाम्या हातानं या.

रंकाळा_टॉवर

कोल्हापुरात राहून पांढऱ्या रश्श्याला नाही म्हणायचं. यापेक्षा मोठी विश्वासाची परीक्षा नाही 😄 ताई, किटली माझ्याकडं पाठवा.

निवृत्त_पाळक

जरा विषयांतर. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सातजण दहा-दहा मिनिटं बोलायचे असतात. आमच्या मंडळीनं यादीचं काम यंदा माझ्या गळ्यात घातलंय. पहिला, दुसरा, तिसरा लगेच गेले. "पूर्ण झाले आहे" यावर तर दोघे भांडतायत. चौथा रिकामा आहे, दरवर्षी राहतो. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" यावर बोलायला कुणी धजत नाही. मला तयार उत्तर असलेला माणूस नकोच आहे तिथं. पुण्याचे चिरंजीव, त्या शुक्रवारी सुट्टी असते ना तुम्हाला?

पुण्यातला_पोरगा

सुट्टी असते. पण मी प्रार्थना करत नाही असं वर लिहिलंय साहेब. व्यासपीठावर काय बोलणार?

निवृत्त_पाळक

वर लिहिलंत तेच. प्रार्थना सुरुवातीला मी करतो, शेवटची विजयी भाऊ करतील.

विजयी_जीवन

करतो. भावाचं नाव घेऊन करतो.

पुण्यातला_पोरगा

मम्मीला आधी विचारतो. दहा मिनिटं म्हणजे साधारण किती पानं?

निवृत्त_पाळक

हातानं लिहिली तर चार. कमी भरली तर चालतील. गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा, यादी छापायला द्यायची आहे.